निळा लाइट कोणाच्या हातात होता?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत दातांच्या सौंदर्योपचारांवर पानभर मजकूर आला होता. त्यावर पुढच्याच गुरुवारी वाचकांच्या पत्रांत एका गृहस्थांचे पत्र छापून आले. पुढच्या दोन दातांवर सिरॅमिकची व्हिनियर्स, म्हणजे दाताच्या पुढच्या अंगाला चिकटवायची पातळ कवचे, बसवून घेतली, ३६,००० रुपये मोजले आणि तिसऱ्या आठवड्यात त्यातले एक कांदेपोह्यांच्या बशीत पडले, असे ते लिहितात. ‘ऊस सोलला नाही, सुपारी फोडली नाही, पोहे खात होतो’ या त्यांच्या वाक्यावर आधी हसले आणि मग वाईट वाटले. माल हलका निघाला, लॅबवाल्याने फसवले, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

मला तसे वाटत नाही. त्यांनीच लिहिले आहे की कवच अख्खे पडले, टवकासुद्धा उडाला नाही. मग मालाचा दोष कसा? हलका माल तुटतो, तडकतो. अख्खे कवच निघाले, म्हणजे दोष चिकटवण्यात आहे. आणि आपल्या पुरवणीच्या त्या अख्ख्या पानात चिकटवण्यावर एकच वाक्य होते: ‘दुसऱ्या बैठकीत व्हिनियर्स दातांवर चिकटवली जातात.’ शेडवर, म्हणजे दातांच्या रंगछटांवर, चौकट होती, किमतीवर तक्ता होता, नट्यांचे फोटो होते. मी गेली बावीस वर्षे ज्या कामात उभी आहे, ते या एका ‘चिकटवली जातात’मध्ये उरकले होते. म्हणून हे पत्र.

मी डॉक्टर नाही. सांगलीत एका दातांच्या दवाखान्यात २००३ पासून असिस्टंट आहे. पेशंट मला सिस्टर म्हणतात, पण मी नर्सही नाही. बारावी झाल्यावर लागले, सगळे काम हाताखाली शिकले. सक्शन धरणे, माप घ्यायचा मसाला कालवणे, हत्यारे उकळणे, लॅबच्या पुड्यांवर नावे घालणे आणि लाइट धरणे. तो निळा लाइट. दातात पांढरे सिमेंट भरल्यावर डॉक्टर जो पेनासारखा दिवा लावतात, तो पुष्कळांनी पाहिलेला असतो. बऱ्याच ठिकाणी तो डॉक्टरांच्या नव्हे, माझ्यासारख्या बाईच्या हातात असतो.

पुढचे सगळे त्या लाइटबद्दल आहे. पण आधी चिकटते कसे ते सांगायला हवे.

लोकांना वाटते, फरशी बसवतात तसे असेल. खाली सिमेंट, वर फरशी, दाबले की झाले. जुन्या धातूच्या कॅपा खरेच तशा बसत. दात चारी बाजूंनी घासून खुंटासारखा केलेला असायचा, त्यावर कॅप टोपीसारखी घट्ट बसायची, सिमेंट फक्त फट भरायला. व्हिनियरला अशी पकड कुठून येणार? ते असते अर्ध्या मिलिमीटरचे कवच, दाताच्या पुढच्या अंगाला लावलेले. हातात घ्यावे तर उडदाच्या पापडासारखे, जरा जोर लागला की कट्. ते टिकते ते फक्त खालच्या दाताशी एकजीव झाल्यामुळे. घरातली फरशी आठवा. खाली पोकळ राहिलेली फरशी पाट आपटला तरी फुटते. नीट बसलेली वरून कपाट ओढले तरी हलत नाही. फरशी तीच, फरक खालचा.

आमच्या मॅडम, म्हणजे दवाखान्याच्या डॉक्टर, नव्या मुलींना यामागचा इतिहास सांगतात. तो ऐकून ऐकून मलाही पाठ झाला आहे. १९३०च्या दशकात हॉलिवुडला चार्ल्स पिंकस नावाचे डेंटिस्ट होते. नटांच्या दातांवर ते पातळ कवचे लावून देत, पण कवळी धरून ठेवायच्या पावडरीने. शूटिंग संपले की काढायची. आपल्या नाट्यपंढरीत डिंकाने मिशी लावावी आणि पडदा पडला की ओढून काढावी, तसे. दाताला कायमचे चिकटेल असे काही तेव्हा नव्हतेच. मग १९५५ साली अमेरिकेतल्या रॉचेस्टरमध्ये मायकेल ब्युओनोकोर यांनी दाताच्या इनॅमलला, म्हणजे वरच्या कडक थराला, ३० सेकंद फॉस्फरिक अॅसिड लावून पाहिले. कारखान्यात पत्र्यावर रंग धरावा म्हणून आधी हे अॅसिड लावतात, त्यावरून त्यांना सुचले. अॅसिडने इनॅमलवर डोळ्यांना न दिसणारी खडबड तयार होते, पातळ रेझिन, म्हणजे राळेसारखे द्रव्य, त्यात शिरते आणि घट्ट झाले की मुळांसारखे धरून बसते. १९६२मध्ये राफेल बोवेन यांनी त्यासाठी लागणाऱ्या रेझिनचे पेटंट घेतले. आजही दवाखान्यातल्या बहुतेक पांढऱ्या सिमेंटांत त्याच घराण्यातले रेझिन आहे. सिरॅमिकची आतली बाजूही अॅसिडने खडबडीत करून दाताला चिकटवता येते, हे १९८३च्या सुमाराला पुढे आले, आणि तिथून आजची व्हिनियर्स.

म्हणजे हात दोन्हीकडून पुढे यावे लागतात, दाताकडून आणि सिरॅमिककडून. मध्ये सिमेंट. तिघांतला एक रुसला तरी कवच पोह्यात.

सिरॅमिकसाठी जे अॅसिड लागते ते हायड्रोफ्लोरिक, काचेवर नक्षी काढायला वापरतात त्यातले, फक्त पाच टक्क्यांच्या आसपासचे, जेलमध्ये. आमच्याकडे ते कपाटाच्या वरच्या खणात कुलपात असते. खालच्या खणात कॅल्शियम ग्लुकोनेटची ट्यूब, चुकून बोटाला लागलेच तर चोळायला. हे अॅसिड पटकन चटका देत नाही, गुपचूप आत उतरते. म्हणून मॅडमनी पहिल्या दिवशीच सांगितले होते, ‘याला दोन ग्लोव्ह्ज, आणि पेशंटच्या तोंडाजवळ हे कधीही न्यायचं नाही.’ मागच्या टेबलावर, खिडकीपाशी, मी घड्याळ लावते. लिथियम डायसिलिकेट या हल्लीच्या सिरॅमिकचे कवच असेल तर २० सेकंद. जुन्या पद्धतीच्या फेल्डस्पार पोर्सेलिनला मिनिटभर किंवा थोडे जास्त. ‘जास्त ठेवलं तर जास्त चिकटेल’ असे नव्या मुलांना वाटते. नाही. जास्त ठेवले तर सिरॅमिकच पोखरते. मग ते धुवायचे, धुतलेले पाणी खायच्या सोड्याच्या पाण्यात उतरवायचे, आणि कवचाची आतली बाजू उजेडाला धरून बघायची. नीट झाली असेल तर काचेची चमक जाऊन मंद, पिठूळ दिसते.

त्यावर सिलेन. पाण्यासारखा पातळ द्रव, बाटली बोटाच्या पेराएवढी. हा खरा मध्यस्थ. त्याचे एक टोक सिरॅमिकला धरते, दुसरे रेझिनला. ब्रशने लावायचा, मिनिटभर थांबायचे, हवेने वाळवायचे. बाटलीचे झाकण उघडे राहिले तर आतला अल्कोहोल उडतो आणि उरलेला द्रव निकामी होतो. काही सिलेन दुधाळ झाले की समजायचे, गेले. पण बाटली महाग, आणि अर्धी भरलेली दिसते. टाकवत नाही. अख्खी निघालेली निम्मी कवचे या टाकवत नाहीच्या पोटी निघत असतील असे माझे मत आहे. हा अंदाज आहे, मी मोजदाद केलेली नाही.

२०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी सांगलीत शिरले तेव्हा आमचा दवाखाना दुसऱ्या मजल्यावर असल्यामुळे वाचला, पण वीज कित्येक दिवस नव्हती. आत गेलो तेव्हा फ्रीज उघडायची हिंमत होईना. बाँडिंगच्या, म्हणजे दाताला लावायच्या पातळ रेझिनच्या, बाटल्या, सिमेंटच्या सिरिंजा, सगळे त्यातच. तारखा पुढच्या होत्या, दिसायला काही फरक नव्हता. मॅडमनी एकेक उचलून कचऱ्याच्या पिशवीत टाकली. मी म्हटले, ‘मॅडम, ही तर उघडलीसुद्धा नाही.’ त्या म्हणाल्या, ‘आपण नाही उघडली, पण ती आत शिजली.’ त्या महिन्यात माझा पगार उशिरा झाला. तरी ते बरोबर होते असे मी आजही म्हणेन.

आता दाताकडची बाजू. दात आधी प्युमिसच्या भुकटीने घासून घ्यायचा, दोन बैठकींच्या मध्ये लावलेल्या तात्पुरत्या सिमेंटचा कणसुद्धा ठेवायचा नाही. तात्पुरत्या काही सिमेंटांत लवंगेच्या तेलातले युजेनॉल असते आणि ते रेझिनला घट्ट होऊ देत नाही. आपल्याकडे तर दात ठणकला की आजी कापसाचा बोळा लवंगेच्या तेलात बुडवून देतेच. कोणी तसे करून बैठकीला आले तर मला सांगावे, मी रागावत नाही. शेजारच्या दातांना अॅसिड लागू नये म्हणून त्यांना मी पांढरी टेप गुंडाळते. ती कुठली विलायती वस्तू नव्हे. नळाच्या आट्यांना गुंडाळतात तीच, हार्डवेअरच्या दुकानातून आणलेली. पेशंटने रीळ पाहिले तर भुवया उंचावतात.

मग ३७ टक्क्यांचे फॉस्फरिक अॅसिड, बहुधा निळे जेल, इनॅमलवर १५ ते ३० सेकंद. धुऊन वाळवले की दात पांढराफटक दिसतो. शाळेच्या पाटीवर ओले फडके फिरवावे आणि वाळताना खडूचा पुसट पांढरा थर उमटावा, अगदी तसा. तो रंग दिसला की मॅडम मान हलवतात. त्या क्षणापासून पेशंटची जीभ, थुंकी, हिरडीचे रक्त, काही त्या पांढऱ्यावर यायला नको. एक थेंब लागला तरी पुन्हा पहिल्यापासून. म्हणून रबर डॅम, म्हणजे दाताभोवती ताणून बसवायचा रबराचा पडदा. सॅनफर्ड बार्नम यांनी तो १८६४मध्ये न्यूयॉर्कला काढला. दीडशे वर्षांहून जुनी वस्तू, तरी कित्येक पेशंटना आमच्याकडे आल्यावर ती प्रथमच दिसते. ‘श्वास कोंडतो’ म्हणतात. नाकाने घ्या म्हटले की घेतात.

ज्याचा दात फार खोल घासला गेला आहे त्याचे मात्र काय करायचे? इनॅमल संपले की खाली डेंटिन. तो जिवंत, ओलसर. तिथेही बाँड होतो, पण इनॅमलची सर नाही. तोंडाला बरे दिसावे म्हणून वेडावाकडा दात सरळ ‘घासून घ्या’ म्हणणाऱ्यांना एवढेच सांगते की इनॅमल परत उगवत नाही. आमच्या मॅडमनी वर्षभर तारा लावायला पाठवलेल्या मुली आहेत, एका दिवसात व्हिनियर मागायला आलेल्या. त्यांच्या आया चिडून दुसरीकडे गेल्या. जाऊ देत.

आता लाइट.

व्हिनियरसाठी जे सिमेंट वापरतात ते बहुधा लाइटनेच घट्ट होणारे. मॅडम सांगतात ती कारणे दोन. एक, घाई नाही. कवच ठेवून, पाहून, सरकवून, हवे तर काढून पुन्हा ठेवता येते. दुसरे, आपोआप घट्ट होणाऱ्या सिमेंटांत जी रसायने असतात त्यांतली काही वर्षांनी पिवळटतात आणि पातळ कवचातून तो रंग दिसतो. लाइटच्या सिमेंटात कँफरक्विनोन नावाचे पिवळे द्रव्य असते. ४७० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा उजेड मिळाला की ते जागे होते आणि सिमेंट आळू लागते. डोक्यावरच्या मोठ्या दिव्यातही थोडा निळा असतोच. म्हणून सिमेंट भरायच्या आधी मी तो दिवा बाजूला फिरवते. हे एकदा विसरले होते. कवच दाताशी नेईपर्यंत सिमेंटवर साय धरली.

कवच दाबले की कडेने सिमेंट बाहेर येते, करंजी दाबताना सारण यावे तसे. चारी बाजूंनी आले तर बरे, आत पोकळ नाही. मॅडम बोटाने कवच धरून ठेवतात आणि म्हणतात, ‘दोन.’ मी लाइटचे तोंड बरोबर मध्यावर आणून दोन सेकंद दाबते आणि सोडते. या दोन सेकंदांत सिमेंट दगड होत नाही, शिऱ्यासारखे होते. मग मॅडम प्रोबने, म्हणजे टोकदार सळईने, कडेचे ते पटापट सोलून काढतात. दोन दातांच्या मधून फ्लॉस ओढायचा, तोही बाजूने, वर उचलायचा नाही, नाहीतर कवचच त्याबरोबर उचलले जाते. दोनऐवजी चुकून दहा सेकंद दाबले तर सगळी कड घट्ट होते, आणि मग हिरडीखालचे सिमेंट काढायला हिरडी रक्तबंबाळ होईपर्यंत खरवडावे लागते. ते राहून गेले तर हिरडी वर्षभर सुजलेली राहते आणि पेशंट म्हणतो, व्हिनियरची अॅलर्जी आली.

सोलून झाले की पूर्ण लाइट. पुढून ४० सेकंद, मागून ४०, कडांना वेगळे. शेवटी कडेवर ग्लिसरीनचे जेल लावून आणखी २०. कारण हवेतला प्राणवायू लागला की वरचा बारीक थर चिकटच राहतो, आणि तिथेच पुढे चहा, तंबाखू, मिश्रीची काळी रेघ उमटते.

आता ऐका, ही ४० सेकंदे कशी जातात. लाइट इतका प्रखर असतो की त्याच्याकडे बघवत नाही. नारंगी चष्मा घातला तर बघता येते. चष्मा नसेल तर धरणारा आपसूक मान वळवतो. मान वळली की हात वळतो. हात वळला की लाइट दातावरून सरकून ओठावर, हिरडीवर, कधी शेजारच्या दातावर. पेशंटला काही कळत नाही, त्याचे डोळे मिटलेले. डॉक्टर पुढच्या कवचात सिलेन लावत असतात. यंत्र मात्र इमानाने दर दहा सेकंदांनी टुक् करते. चार टुक् झाले की ४० सेकंद झाले असे सगळे धरून चालतात. झाले ते यंत्राचे. सिमेंटला किती मिळाले ते कोणी पाहिले?

घरगुती अडचणीमुळे मी मध्यंतरी दोन महिने दुसऱ्या गावी एका दवाखान्यात होते. नाव सांगत नाही. तिथे लाइट धरायला रिसेप्शनवरची मुलगी यायची. गुणी पोर. पण तिला कोणी काही शिकवले नव्हते. ‘हे बटण दाब आणि धर’ एवढेच. ती एका हातात लाइट धरायची आणि दुसऱ्या हाताने अपॉइंटमेंटचा फोन घ्यायची. दोष तिचा का? चष्मा खोक्यातून बाहेरच काढलेला नव्हता. मी काढून दिला तर डॉक्टर हसून म्हणाले, ‘अहो, गॉगल कशाला, मॅटिनीला चाललोय का?’

आणि माझी स्वतःची गोष्ट सांगितल्याशिवाय दुसऱ्याचे सांगणे बरे नाही. २००८ साल. तेव्हा आमच्याकडे जुना हॅलोजन लाइट होता, पंखा घरघरणारा, हँडल गरम होणारा. साखरपुड्यासाठी एका मुलीला चार व्हिनियर्स बसवली. सगळे वेळेवर, सगळे नीट. नवव्या दिवशी दोन सुटली, साखरपुडा दुसऱ्या दिवशी. मॅडमनी सुटलेल्या कवचांत सुई टोचून पाहिली तर आतले सिमेंट मेणासारखे, सुई रुतत होती. लाइट तर झगझगीत दिसत होता! मग त्यांनी लाइटचे काचेचे टोक भिंगाखाली धरले. त्याच्यावर आधीच्या भरलेल्या दातांचे सिमेंट थराथराने बसून घट्ट झालेले, पिवळट कवच तयार झालेले. ते टोक रोज पुसायचे काम माझे होते. मी स्पिरिटचा बोळा फिरवत होते, पण थर खरवडत नव्हते, कारण थर असतो हेच मला माहीत नव्हते. वर बल्बही जुना झाला होता. निळा डोळ्यांना निळाच दिसतो, त्यात जोर किती हे डोळ्यांना कळत नाही.

मॅडमनी रात्री साडेदहापर्यंत बसून दोन्ही कवचे साफ करून पुन्हा बसवली, पैसे घेतले नाहीत आणि त्या मुलीच्या वडिलांना स्वच्छ सांगितले की चूक आमची. मला काही बोलल्या नाहीत. तेच लागले. पुढच्या महिन्यात लाइट मोजायचे छोटे मीटर आले आणि तेव्हापासून दर सोमवारी सकाळी, पहिला पेशंट यायच्या आधी, मी टोक खरवडून पुसते, मीटरवर धरते आणि शंभर पानी वहीत आकडा लिहिते. आता एलईडी आहे. साधारण १,००० ते १,१०० मिलिवॉट दर चौरस सेंटिमीटर येतो. एका सोमवारी ६४० आला. काळजाचा ठोका चुकला. बघते तर टोकावर लावलेली प्लास्टिकची पिशवी दुमडली होती, तिची शिवण बरोबर मध्यावर. पिशवी सरळ केली, १,०७०.

हे सगळे प्रत्येक कॅपला लागते असे मात्र नाही, उगाच कोणाला घाबरवायचे नाही. दाढेवरची झिरकोनिया या पांढऱ्या, कठीण सिरॅमिकची कॅप, खालचा खुंट उंच आणि घट्ट असेल तर, साध्या ग्लास आयोनोमर सिमेंटनेही वर्षानुवर्षे बसते. झिरकोनियावर ते काचेचे अॅसिड चालतच नाही, कारण त्यात काच नसतेच. चिकटवायचेच असेल तर अॅल्युमिनाची बारीक रेती हवेच्या दाबाने मारून वर जपानमध्ये निघालेले एमडीपी नावाचे द्रव्य असलेला प्रायमर, म्हणजे सिमेंटच्या आधीचा हात, लावावा लागतो. एक गंमत अशी की तोंडात घालून पाहताना थुंकीतले फॉस्फेट झिरकोनियाला घट्ट धरते आणि प्रायमरची जागा अडवते. म्हणून ‘बघू बरं बसते का’ झाल्यावर पुन्हा साफसफाई. शिवाय जाड किंवा अपारदर्शक सिरॅमिकच्या पलीकडे माझा लाइट पुरेसा पोचत नाही. दीड-दोन मिलिमीटरच्या वर गेले की फारच थोडा उरतो. तिथे लाइट नसला तरी आपोआप आळणारे सिमेंट हवे. कुठल्या ठिकाणी कुठले, हे डॉक्टरांचे काम. मी फक्त एवढे पाहिले आहे की एकाच ट्यूबने सगळी कामे करणारेही असतात.

दात पांढरे करून घेतले असतील तर लगेच व्हिनियर बसवायला आग्रह धरू नका. ब्लीचचा प्राणवायू इनॅमलमध्ये राहतो, आम्ही दोन आठवडे थांबवतो. हिरडीतून रक्त येत असेल तर आधी हिरडी. लग्नाची तारीख जवळ आली म्हणून हिरडी थांबत नाही.

१९४८च्या दंतवैद्य कायद्यात डेंटिस्ट, डेंटल हायजिनिस्ट आणि डेंटल मेकॅनिक या तिघांच्या नोंदणीची सोय केली होती. लाइट धरणाऱ्याचे नाव त्यात नव्हते. मला रजिस्टरात नाव हवे आहे अशातला भाग नाही, या वयात त्याचे काय करू? पण ज्या कामावर ३६,००० रुपयांचे दोन दात अवलंबून आहेत ते काम करणाऱ्या मुलीला कोणीतरी अर्धा दिवस शिकवावे, चष्मा द्यावा, मीटर दाखवावे. डेंटिस्टांच्या संघटना दर वर्षी परिषदा भरवतात, मॅडम जाऊन येतात, पिशव्या आणतात, पेन आणतात. एका दुपारी असिस्टंटना बोलवा की. जेवण नसले तरी चालेल.

आता त्या पत्रलेखक गृहस्थांना. साहेब, पडलेले कवच टाकले नसेल अशी आशा आहे. ते पाण्यात, दुधात घालायची गरज नाही, कोरड्या कागदात गुंडाळून डबीत ठेवा. आणि कृपा करून घरी चिकटवू नका. एक गुरुजी पाच रुपयांच्या ट्यूबने स्वतःच कॅप चिकटवून आले होते, तीही तिरकी. ती काढायला दीड तास लागला आणि हिरडीची साल गेली ती वेगळी. कवच उन्हात धरून आतली बाजू बघा. आत सिमेंट अजिबात नसेल, गुळगुळीत चमकत असेल आणि दातावर मात्र खरखरीत थर लागत असेल, तर सिरॅमिकची तयारी राहिली, म्हणजे अॅसिड किंवा सिलेन. उलट सिमेंट सगळे कवचाला चिकटलेले आणि दात नागडा असेल, तर दाताकडे गडबड झाली. थुंकी लागली असेल, रक्त लागले असेल, नाहीतर इनॅमलच उरले नसेल. आणि दोन्हीकडे थोडे थोडे असेल आणि टाचणीने टोचल्यावर रुतत असेल, तर आमच्या २००८ सारखे. तुमच्या डॉक्टरांकडे भांडायला जाऊ नका. हे दाखवायला जा. चांगला माणूस असेल तर तोच आधी भिंग काढेल. कवच अख्खे आहे, तर साफ करून बहुतेक वेळा तेच पुन्हा बसते, नवे ३६,००० लागत नाहीत.

आणि बसवताना घड्याळाकडे बघा. दोन दातांना चांगला तास-सव्वा तास लागायला हवा. वीस मिनिटांत उठवले तर यातले काय काय वगळले, ते विचारा.

आपल्या पुरवणीत पुन्हा हा विषय आला तर नट्यांचा एक फोटो कमी करून तिथे रबर डॅम लावलेल्या तोंडाचा फोटो छापावा. दिसायला भीषण असतो, मान्य. पण लोकांनी एकदा पाहिलेला असला की आमच्याकडे आल्यावर घाबरत नाहीत.

पत्र सोमवारीच लिहायला घेतले. आजचा आकडा १,०६०.

आपली,
एक दंत-सहाय्यिका, सांगली
(नाव व पत्ता आपल्याकडे कळवला आहे. कृपया छापू नये.)